मूळ संपेपर्यंत

मंगळवारी सकाळी साडेदहाला रेवतीचं पाणी गेलं. ती पाटावर बसून मेथी निवडत होती. आधी वाटलं, भांडं कलंडलं. मग मांड्यांवरून कोमट ओघळ उतरला, पाटाखाली तळं झालं आणि निवडलेली पानं त्यात तरंगायला लागली.

"आई, इकडे या ना. बघा हे काय झालं."

कुंदाताई आल्या. मेथीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. हसू ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं.

"चांगलं झालं गं बाळा," त्या म्हणाल्या. "हलू नकोस. ह्यांना सांगते."

ह्यांना म्हणजे श्यामसुंदरना, रेवतीच्या सासऱ्यांना. मुलुंड पूर्वेच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. पस्तीस वर्षं सरकारी ऑफिसात फायली हलवल्या, पण जीव सगळा पंचांगात. आता पंचांगही फोनमध्ये आलं होतं, मिनिटासकट. ते गॅलरीत बसले होते. रेवतीला आतून ऐकू आलं.

"मूळ लागलंय. सव्वानऊलाच. उद्या अकरा वाजून सहा मिनिटांपर्यंत आहे."

"मग हो?"

"मग काय. थांबायचं."

मूळ नक्षत्रावरचं मूल बापाला जड जातं, असं त्या घरात मानत. मानत म्हणजे श्यामसुंदर मानत, आणि बाकीचे श्यामसुंदरना मानत. ते स्वतः मुळावर जन्मलेले. आठ महिन्यांचे असताना वडील धनुर्वातानं गेले. पुढे आई पान वाढताना म्हणायची, "खा. बाप खाल्लास, आता भात खा." चार वर्षांच्या मुलाला म्हणायची, चौदा वर्षांच्या मुलालाही म्हणायची. त्या भातावर वाढलेला हा माणूस. आपला मुलगा, रेवतीचा नवरा मिहिर जगावा, एवढंच त्याला हवं होतं.

कुंदाताई आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं, पाच मिनिटांनी बाहेर आल्या. "डॉक्टर अपूर्वांशी बोलले. म्हणाल्या, कळा सुरू झाल्याशिवाय धावत येऊ नका. पहिलटकरणीला वेळच लागतो."

फोन त्यांनी लावलाच नव्हता. रेवतीला हे कळलं तेव्हा विचारून काही उपयोग राहिला नव्हता. त्या वेळी तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? तिची आई नव्हती, बोरिवलीला वडील एकटे, त्यांना धड ऐकू येत नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथे होत होतं. दोन वर्षं ती कुंदाताईंना आई म्हणत आली होती. रोज दहादा म्हटलेला शब्द हळूहळू खरा होत जातो.

त्या दिवशी तिचे फार लाड झाले. पायांखाली उशा आल्या, केशर घातलेलं दूध आलं. कुंदाताईंनी तिच्या तळव्यांना तेल चोळलं, केस विंचरले, वेणी घातली. संध्याकाळी पोटात पहिली पिळवटणारी कळ आली तेव्हा त्यांनी तिचं कपाळ कुरवाळलं. "खोट्या कळा असतात गं त्या. पडून राहा. पाय जवळ घे." मिहिर पवईच्या ऑफिसातून लवकर आला, पलंगाच्या कडेला बसला.

"जाऊया का आपण?" रेवतीनं विचारलं. "मला बरं वाटत नाहीये रे."

"आई बोललीये ना डॉक्टरशी." मग तिची नजर चुकवून म्हणाला, "मी नाही मानत हे असलं. पण बाबांचं बीपी माहितीये ना तुला. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, यार."

रात्र गेली. सकाळी रेवतीला थंडी वाजत होती. कुंदाताईंनी तापाची गोळी दिली, दोन तासांनी अजून एक दिली.

साडेसातला पोळ्या करायला चंपा आली. भांडुपच्या टेकडीवर राहणारी, मूळची जालन्याकडची, तीन मुलांची आई. तिनं खोलीत डोकावलं, रेवतीच्या कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवला.

"काकू, अंग कढत लागतंय. कळा कवापासून?"

"पहाटेपासून. तू पोळ्या टाक."

"पोळ्या टाकते, पर हिला न्या आधी. पाणी गेलंय का?"

"काल गेलं," रेवती उशीत तोंड घालून म्हणाली.

चंपा कुंदाताईंकडे बघत राहिली. "काल? आवं, कालचं पाणी गेलंय अन् तुमी दूध पाजत बसलाव? कशापायी?"

"मूळ आहे चंपा. तुमच्यात नसतं ते."

"आमच्यात न्हाईच. आमच्यात बाई अडली की गाडी बघत्यात. पंचांग न्हाई बघत."

कुंदाताईंना राग आला नाही. त्या हसल्या. "मग चल तू पण. पिशव्या धरायला कुणीतरी हवंच."

श्यामसुंदरनी सगळं आखून ठेवलं होतं. घाटकोपरचं प्रसूतिगृह, ठरलेलं, मिहिरही तिथेच झालेला. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये एक तास. दहा वाजता निघायचं, अकराला पोचायचं, नाव लिहून वर नेईपर्यंत दहा मिनिटं. मूळ संपलेलं असेल. दहा वाजता त्यांनी कपाळाला गंध लावलं, देवापुढे सुपारी ठेवली आणि रेवतीला म्हणाले, "ये बाळ. सांभाळून. जिना नको, लिफ्ट बोलावलीय." खाली गाडीत बसेपर्यंत दहा वीस झाले.

आणि नेमका त्या दिवशी हायवे मोकळा.

ऐरोलीच्या नाक्यावर सिग्नल हिरवा, भांडुपला रस्ता रिकामा. एरवी या वेळेला चालत गेलेलं परवडतं, असा तो रस्ता, आज कुणीतरी झाडून ठेवावा तसा समोर पडलेला. मिहिर गाडी चालवत होता, शेजारी श्यामसुंदर, मांडीवर फोन. मागे मध्ये रेवती, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला चंपा.

"मिहिर, हळू."

"बाबा, चाळीसवर आहे. मागचे शिव्या घालतायत."

"घालू दे."

कांजूर गेलं. रेवतीनं पुढच्या सीटची पाठ धरली होती, नखं कापडात रुतली होती. कळ येत होती, जात होती, आणि मग जायची थांबलीच. पोटातलं सगळं खाली निघालं. "आई," ती ओरडली, "येतंय. आई, येतंय ते."

"किती वाजले?" कुंदाताईंनी विचारलं.

"दहा पस्तीस."

कुंदाताई वाकल्या. त्यांनी रेवतीचे दोन्ही गुडघे दोन्ही हातांनी धरले आणि एकमेकांवर दाबले. आवाज मात्र मऊ, बाळाला थोपटतानाचा. "अर्धा तास गं सोने. अर्धाच तास. श्वास सोड, जोर नको करूस. माझी शहाणी ना ती?"

"सोडा! आई, सोडा ना!"

"सोडते हं, सोडते. पोचलोच आपण."

चंपानं आधी तोंडानं सांगून बघितलं. मग कुंदाताईंची बोटं एकेक करून उचकटायला लागली. साठीच्या बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली होती, कळेना. जन्मभर कणीक मळलेले हात ते. "काकू, डोकं अडकलंय! मरंल लेकरू!" चंपानं शेवटी त्यांच्या मनगटाला चावा घेतला. कुंदाताई किंचाळल्या, हात सुटले, आणि विक्रोळीच्या पुढे, डाव्या हाताला खारफुटी पसरलेली, तिथे बाळ चंपाच्या ओंजळीत आलं.

दहा एक्केचाळीस.

ते रडलं नाही. चंपानं करंगळीनं तोंड साफ केलं, उलटं धरलं, पाठ चोळली. पुन्हा चोळली. मग एक बारीक आवाज निघाला, मांजराच्या पिल्लाचा निघावा तसा.

"मुलगा हाय," ती म्हणाली. "माझा विकी असाच यष्टीत झाला, बदनापूरच्या अलीकडं. कंडक्टरनं तिकीट माफ केलं. वहिनी, घ्या. छातीशी घ्या. दादा, एशी बंद करा आधी."

मिहिरनं आरशात बघायला मान वर केली. श्यामसुंदरनी हात लांब करून आरसा छताकडे फिरवला. "मागे बघू नकोस. मुळावरच्या मुलाचं तोंड बापानं बघायचं नसतं."

 श्यामसुंदरचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलत होते, काहीतरी आठवत असल्यासारखे. मग एकदम त्यांच्या तोंडावर रंग आला.

"नाळ? नाळ तोडली का?"

"कशानं तोडू? हितं काय हाय?"

"नको! अजिबात तोडू नका." ते मागे वळले, पण डोळे मिटून. "नालच्छेद हाच जन्म. नाळ तुटेपर्यंत बाळ आईचंच अंग असतं. तुटेपर्यंत जन्म झालेला नाही. कळलं का कुंदा? अजून काही झालेलं नाही."

"देवच पावला," कुंदाताई म्हणाल्या. मनगटावर दातांचे वण उमटले होते, त्यावर त्यांनी पदर धरला होता.

दहा बावन्नला प्रसूतिगृहाचं फाटक आलं. वॉचमननं गाडी ओळखली, फाटक उघडलं. आतल्या पायऱ्या दिसत होत्या. पायऱ्यांवर चाकाची खुर्ची घेऊन आया उभी होती, उन्हात जांभई देत.

"पुढे घे," श्यामसुंदर म्हणाले.

"बाबा?"

"एक फेरी मार. पंतनगरातून फिरून ये. चौदा मिनिटं काढायची आहेत फक्त."

"मिहिर," रेवतीला वाटलं ती ओरडली, पण आवाज निघालाच नाही. "मिहिर, गार पडलाय रे हा."

मिहिरचे हात स्टिअरिंगवर होते. तो रडत होता. रडता रडता त्यानं गिअर टाकला आणि गाडी फाटकावरून पुढे नेली.

चंपानं दार उघडायला हात घातला, दार लॉक होतं. तिनं काचेवर दोन थपडा मारल्या. मग बसली. अंगावरची ओढणी काढून बाळावर घातली, त्याचे दोन्ही तळपाय मुठीत धरले आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाण्यासाठी नव्हे, म्हणायला लागली,

"पाहुणा आला दारी, उघडा गं दार,
लांबून चालला, पाय त्याचे गार."

पंतनगरातल्या गल्ल्या. वडापावची गाडी, शाळेची बस, इस्त्रीवाला. बाळ रेवतीच्या छातीवर होतं, नाळेनं अजून तिलाच बांधलेलं. ते डोळे उघडून तिच्याकडे बघत होतं. काळेभोर, ओले, कसलीही तक्रार नसलेले डोळे. ओठ निळे होत होते. रेवती त्याच्या तोंडावर फुंकर घालत राहिली. कोपऱ्यावर सिग्नल लागला, तेव्हा श्यामसुंदर म्हणाले, "बरं झालं."

अकरा वाजून आठ मिनिटांनी गाडी आत आली. अकरा चौदाला नाळ कापली.

स्ट्रेचर लिफ्टकडे ढकलताना कुंदाताई शेजारून चालत होत्या. त्यांनी सुनेच्या कानाशी तोंड आणलं. "पाणी गाडीतच गेलं म्हण. नाहीतर हे लोक पोलिसांना कळवतात. गाडी मिहिर चालवत होता, लक्षात ठेव. बापाला तुरुंगात घालून मूल वाढवणार आहेस का?"

वर डॉक्टर अपूर्वा होत्या. बाळाला ऑक्सिजन लावला होता, ते हळूहळू गुलाबी होत होतं. डॉक्टर टाके घालत होत्या आणि विचारत होत्या.

"जन्म किती वाजता?"

"अकरा चौदा," दारातून श्यामसुंदर म्हणाले.

"काका, तेव्हा नाळ कापली आपण. मी बाळाचं विचारतेय."

"फाटकातच झालं हो," कुंदाताई म्हणाल्या. "एकदम अचानक."

"आणि पाणी कधी गेलं? मला फोन का नाही केलात? रेवती, तू सांग. नीट आठवून सांग, त्यावर बाळाचं औषध ठरतं. जास्त वेळ झाला असेल तर लगेच सुरू करावं लागतं."

फोन का नाही केलात. रेवतीनं सासूकडे बघितलं. सासूचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते, खोटे नव्हते. त्यांच्या पलीकडे दारात मिहिर उभा होता, भिंतीला टेकून. त्यानं दोन्ही हात जोडले होते, छातीपाशी, फक्त तिलाच दिसतील असे.

"गाडीतच," रेवती म्हणाली.

"ताप वगैरे?"

"नाही."

थर्मामीटरही नाहीच म्हणाला. गोळ्यांनी ताप उतरला होता. डॉक्टरांनी मान हलवली. "मग उगाच एवढ्याशा जिवाला अँटिबायोटिक नको. काचेत ठेवू, लक्ष ठेवू."

गुरुवारी मुलुंडच्या सोसायटीत पेढे वाटले. पूर्वाषाढा नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर भू. श्यामसुंदरनी नाव काढलं, भूषण. मिहिरनं काचेपलीकडून फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला.

शुक्रवारी दुपारी चंपा डब्यात अळिवाची खीर घेऊन आली. कुंदाताई घरी जेवायला गेल्या होत्या. चंपानं काचेतून बाळाकडे बघितलं, बराच वेळ.

"चोखतंय का?"

"सकाळपासून नाही. झोपतोय नुसता."

"डाक्टरीणबाईला सांगितलं न्हवं? पाणी मंगळवारीच गेल्तं म्हून?"

रेवतीनं तोंड काचेकडे फिरवलं.

"वहिनी?" चंपानं डबा खाली ठेवला. "सांगितलं न्हाई?" तिचा आवाज चढला नाही, उतरला. "त्यांचं सोडा. ते येडे हायत. तुमी आई हाव त्याची."

टाके ओढत असताना रेवती चालत गेली, भिंत धरून, डॉक्टरांच्या खोलीपर्यंत. आणि सगळं सांगितलं. मंगळवार, मेथी, गोळ्या, गुडघे, फेरी. डॉक्टर अपूर्वांनी मध्येच फोन उचलून खाली औषधं सांगितली. मग रेवतीकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परवा बोलायचं होतंस," त्या एवढंच म्हणाल्या.

शनिवारी दुपारी बाळ यंत्रावर होतं. रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टरांनी मिहिरला आणि तिला बसवून सांगितलं: श्वास आता यंत्राचाच आहे. आज, किंवा उद्या.

संध्याकाळी पाचला मिहिर तिच्या पलंगापाशी आला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

"रेवा, तो किती त्रासात आहे बघतेयस ना. उगाच कशाला ओढायचं? डॉक्टरांना सांगू, आजच यंत्र काढा म्हणून. दोघांच्या सह्या लागतात."

"आजच का?"

"म्हणजे... त्रास नको ना त्याला."

"हे तुझं आहे की बाबांचं?"

मिहिर पायातल्या चपलेचा अंगठा मागे पुढे करत राहिला. मग म्हणाला, "पहाटे चार वीसला पंचक लागतंय. पंचकात गेलं तर घरातली अजून चार जातात म्हणतात. बाबा कालपासून जेवले नाहीयेत गं."

रेवती हसली. हसल्यावर टाक्यांमध्ये सुरी फिरली. "बुधवारी थांब म्हणालात त्याला. आता जा म्हणताय."

"तसं नाही यार..."

"मी सही करणार नाही. सांग जा त्यांना."

त्यांना सांगायला जावं लागलं नाही. श्यामसुंदर दारातच होते. म्हातारा माणूस, गंध पुसलेलं, आत यायला घाबरणारा. "पोरी," ते म्हणाले, "मी माझ्यासाठी नाही मागत. माझं काय, मी जगून झालो. हा एकच आहे मला." आणि त्यांनी मिहिरच्या दंडाला धरलं.

"मलाही एकच आहे," रेवती म्हणाली.

ती उठून काचेच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर बसली. सिस्टर जयंतींनी दोनदा सांगितलं, ताई, तुम्ही बाळंतीण आहात, आडव्या व्हा. ती हलली नाही. यंत्र फुस्स करायचं, बाळाची छाती वर यायची. यंत्र थांबायचं, छाती खाली जायची. ती मनात म्हणत राहिली, माझ्या तोंडानं मारलं तुला. त्यांनी अडवलं, आणि मी एका शब्दानं मारलं. क्षमा वगैरे तिनं मागितली नाही. एवढासा जीव, त्याच्याकडे अजून काय काय मागायचं?

रविवारी पहाटेचे चार वीस होऊन गेले, ऊन काचेवर चढलं, फरशीवर उतरलं. तेव्हा तिनं डॉक्टर अपूर्वांना बोलावलं. "आता काढा. आणि मला द्या."

नळ्या निघाल्या. बाळ तिच्या मांडीवर आलं, गाडीनंतर पहिल्यांदाच. चिकटपट्टीनं गालावर लाल चौकोन उठले होते. ती त्यांवरून बोट फिरवत बसली. डॉक्टर बाहेर गेल्या, बोलवा म्हणाल्या. बाळानं एक श्वास घेतला. खूप वेळानं दुसरा. मग रेवती तिसऱ्याची वाट बघत राहिली, आणि तो आला नाही.

दारापाशी पावलं वाजली. दार बोटभर उघडलं. श्यामसुंदरचा आवाज आला, दबलेला, अतिशय नम्र.

"सिस्टर, झालं का? नक्की किती वाजता ते जरा..."

सिस्टर जयंतींनी मनगट उचललं. रेवतीनं हात पुढे करून त्यांच्या घड्याळावर पंजा ठेवला. तिचा हात गरम होता, ताप परत चढला होता.

"अजून नाही," ती म्हणाली.

सिस्टरनी बाळाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मनगट सोडवून घेतलं नाही.

"सिस्टर?" बाहेरून पुन्हा आवाज आला.

"अजून नाही म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या, आणि पायानं दार लोटून घेतलं.

रेवतीनं गाऊनचं बटण काढलं, बाळाचं तोंड छातीला लावलं. दूध उतरलं होतं. ते त्याच्या मिटलेल्या ओठांवरून, हनुवटीवरून, मानेच्या घडीतून खाली ओघळत राहिलं.